जळण फोडायचं यंत्र बांधताना

आंबा घाटाच्या पायथ्याला, साखरप्याच्या अलीकडे रस्त्यालगत माझी फॅब्रिकेशनची शेड आहे. गेट, ग्रिल, पत्र्याच्या शेडचे ट्रस, ट्रॉलीची डागडुजी ही रोजची कामं. हल्ली मात्र मोबाइलवर व्हिडिओ लावून तो माझ्या नाकासमोर धरणारे लोक वाढलेत. व्हिडिओ बहुतेक युरोपातला असतो. एका बाजूने अख्खं खोड आत जातं, आतला आरा त्याचे तुकडे करतो, खाली पाचर ते फोडते आणि पुढच्या पट्ट्यावरून चिरफळ्या थेट ट्रॉलीत पडतात. मग प्रश्न ठरलेला: "भाऊ, असं होईल का रे आपल्याकडे?"

होईल. पण करू नका, असं मी सांगतो. त्या यंत्रात सरळसोट, एकाच जाडीची खोडं जातात. आपल्याकडचा ओंडका म्हणजे आंब्याचा वाकडा फाटा, मधे दोन गाठी, एका टोकाला फुटवा. तो त्या पन्हाळीत सरकतच नाही. दुसरी गोष्ट, कापणं ही आपली अडचण राहिलेली नाही. चेनसॉ गावागावात पोचलीय आणि दीड फुटाचे तुकडे पाडायला कुणी ना कुणी मिळतो. घण आणि कुऱ्हाड घेऊन दिवसभर फोडणारा गडी मात्र मिळत नाही. तेव्हा पैसे आणि लोखंड फोडायच्या यंत्रात घाला. कापायचं काम चेनसॉवर सोडा, आणि पट्टा लावायचाच असेल तर तो नंतर कधीतरी.

आणखी एक यंत्र लोक मागतात, ते मी बनवत नाही. आटे पाडलेला लोखंडी शंकू मोटरवर किंवा ट्रॅक्टरच्या पीटीओवर (मागच्या फिरत्या शाफ्टवर) फिरतो आणि लाकूड त्यावर टेकवलं की आत घुसून फोडतो. स्वस्त आणि झटपट. पण ओंडका शंकूत अडकला की शंकूबरोबर तोही गरगर फिरतो. हातमोजा, बाहीचं टोक, गळ्यातला पंचा, पदर, जे जवळ असेल ते ओढून घेतो आणि शंकूला तिथल्या तिथे थांबवायचा काही उपाय नसतो. हायड्रॉलिकचं यंत्र, म्हणजे तेलाच्या दाबावर सिलिंडरचा दांडा ओंडक्याला उभ्या पाचरीवर रेटतो ते, हळू चालतं आणि लिव्हर सोडला की जागच्या जागी थांबतं. घरच्या वापराला तेच हवं.

किती टनांचं?

हायड्रॉलिकचा जोर म्हणजे तेलाचा दाब गुणिले पिस्टनचं क्षेत्रफळ. एवढं एक सूत्र कळलं की दुकानदार सांगेल ते निमूट घ्यावं लागत नाही. 100 मिलिमीटर बोअरच्या, म्हणजे आतल्या व्यासाच्या, सिलिंडरचं क्षेत्रफळ साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर भरतं. 150 बार दाबाला त्यातून साधारण 12 टन जोर मिळतो. 80 मिलिमीटरचा घेतला तर क्षेत्रफळ 50 आणि जोर पावणेआठ टनांच्या आसपास.

आकेशिया, सुरू, किंजळ असलं सरळ रेषेचं लाकूड असेल तर आठ टन पुरतात. आंबा, जांभूळ आणि फांद्या फुटलेली बेचकी फोडायची असेल तर बाराच्या खाली जाऊ नका. वीस टनांचा हट्टही नको. तेवढा जोर पेलायला बीम, वेल्डिंग, पिना सगळंच जाड करावं लागतं आणि यंत्र हलवताना चार माणसं लागतात.

वेग ठरवतो पंप. तीन फेजची 5 एचपीची 1440 आरपीएमची मोटर आणि एका फेऱ्याला 8 सीसी तेल देणारा गिअर पंप अशी जोडी घ्या. मिनिटाला साडेअकरा लिटर तेल मिळतं. 100 च्या सिलिंडरचा दांडा त्यावर सेकंदाला जवळपास अडीच सेंटिमीटर पुढे जातो. अर्धा मीटर स्ट्रोकला, म्हणजे दांड्याच्या पूर्ण धावेला, वीसएक सेकंद, परत यायला पंधराएक. ऐकायला संथ वाटतं, पण ओंडका सहसा अर्ध्या स्ट्रोकच्या आतच फुटतो आणि दांडा पूर्ण मागे न्यायची गरज नसते. पुढचा ओंडका बसेल एवढाच मागे घ्यायचा.

घरी सिंगल फेजच असेल तर 3 एचपीची मोटर, 5 सीसीचा पंप आणि 80 चा सिलिंडर लावा. वेग तोच राहतो, जोर पावणेआठ टनांवर येतो. 5 एचपीच्या मोटरवर मोठा पंप लावून वेग वाढवायचा मोह बऱ्याच जणांना होतो. तसं केलं की लाकूड अडलं रे अडलं, मोटर गुरगुरायला लागते आणि ओव्हरलोड पडतो. दाब आणि प्रवाह दोन्ही वाढवायचे तर मोटरचे एचपी वाढवावेच लागतात.

सामान कुठून आणायचं

आमच्या भागातले लोक घाट चढून कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जातात. पंप, व्हॉल्व्ह, होज, सील, सगळं तिथे मिळतं, आणि होज तुमच्यासमोर मापाला कापून, टोकं दाबून देतात. नवा सिलिंडर मापावर बनवून घेता येतो. जुना घ्यायचा तर जेसीबीचा बकेट सिलिंडर उत्तम, फक्त त्याचा दांडा नखाने तपासा. दांड्यावरून नख लांबीच्या दिशेने हळू ओढायचं. कुठे अडकलं तर तिथलं क्रोम उडालेलं आहे, तो दांडा नवीन सील दर महिन्याला खाईल. तसला सिलिंडर फुकट मिळाला तरी नको.

ट्रॉली उचलायचा जॅक भंगारात सहज मिळतो, म्हणून लोक तोच घेऊन येतात. तो एकाच बाजूने ढकलतो. ट्रॉलीच्या वजनाने तो खाली बसतो, आपल्या यंत्रात त्याला मागे ओढणार कोण? स्प्रिंगा लावून जुगाड होतं, पण सरकणारी पट्टी गंज-भुशाने जाम झाली की स्प्रिंगची ताकद संपते. दोन्ही बाजूंनी तेल घेणारा, म्हणजे डबल अ‍ॅक्टिंग सिलिंडरच घ्या.

व्हॉल्व्ह एका लिव्हरचा, मधल्या स्थितीत तेल मोकळं टाकीत सोडणारा आणि आतच रिलीफ (दाब ठरलेल्या हद्दीपुढे गेला की तेल टाकीत सोडणारी झडप) असलेला घ्या. लिव्हर सोडला की स्प्रिंगने मधे आला पाहिजे. पुढे जाण्याच्या बाजूला लिव्हर अडकून राहणारी खाच असलेला व्हॉल्व्ह दुकानदार 'हात मोकळे राहतात' म्हणून दाखवेल. हात मोकळे राहिले की ते ओंडक्यावर जातात. परतीच्या बाजूला खाच असली तर चालेल.

बीम

यंत्राचा कणा म्हणजे आय बीम. बारा टनांना 200 मिलिमीटर उंचीचा, 100 मिलिमीटर रुंद फ्लँजचा (वरखालच्या आडव्या पट्टीचा) बीम किमान. मीटरला पंचवीसेक किलो वजन असतं. लांबी दोन मीटर घ्या. हिशोब असा: अर्धा मीटर स्ट्रोकचा सिलिंडर मिटलेला असताना पाऊण मीटर जागा खातो. त्यापुढे ओंडका रेटणारी ढकलपट्टी, मग ओंडक्याची बावन्न सेंटिमीटर मोकळी जागा, मग पाचरीची तीस सेंटिमीटर, आणि मागे सिलिंडर धरायच्या कानांना थोडी.

हा बीम वाकतो तो लाकडाच्या वजनाने नाही. सिलिंडर बीमच्या वर बसलेला असतो, एका टोकाला पाचर आणि दुसऱ्या टोकाला सिलिंडरचा कान, दोघं एकमेकांपासून लांब पळायला बघतात आणि बीमची दोन्ही टोकं खाली झुकवतात. म्हणून सिलिंडर बीमच्या जितका जवळ बसवाल तितकं चांगलं. सिलिंडरची मध्यरेषा फ्लँजच्या वर 120 मिलिमीटर ठेवली तर 200 चा बीम बारा टन आरामात सोसतो. मोठे ओंडके मावावेत म्हणून ती उंची वाढवत नेलीत तर बीमही वाढवावा लागेल. पाचरीखाली आणि मागच्या कानाखाली, बीमच्या पोटात, म्हणजे दोन फ्लँजमधल्या उभ्या पत्र्याला, दोन्ही बाजूंना 10 मिलिमीटरच्या उभ्या पट्ट्या भरा. पोट फक्त साडेपाच-सहा मिलिमीटर जाड असतं, आणि जोर सगळा तिथेच येतो.

मागचे कान 20 मिलिमीटर प्लेटचे, त्यात 32 मिलिमीटरची पिन. कान वेल्ड करायच्या आधी सिलिंडर जागेवर ठेवून दोन्ही टोकांना लाइनदोरी धरा. सिलिंडरची रेषा आणि बीमची रेषा दोन मिलिमीटरनेही तिरकी राहिली तर दांडा एका बाजूला घासतो. आधी टॅक (ठिपक्याएवढे तात्पुरते टाके), मग दांडा हाताने पूर्ण बाहेर ओढून पुन्हा माप, मग पक्कं वेल्डिंग. वेल्डिंग करताना अर्थिंगचा चिमटा बीमवर, वेल्डच्या जवळ लावा. सिलिंडरवर लावलात तर करंट दांड्यातून जाऊन क्रोमवर ठिणगीचे ठिपके पाडतो.

पाचर

इथे घाई नको. 20 मिलिमीटरची प्लेट, उंची 250, बीमच्या दिशेने लांबी 300. लांबी एवढी कशाला, असं प्रत्येकजण विचारतो. पाचरीच्या धारेवर बारा टन येतात ते बीमपासून वीतभर उंचीवर, म्हणजे पाचर मागे उलथायला बघते. बुडाची लांबी तिला धरून ठेवते. 150 लांबीची पाचर आणि मागे एक गसेट (तिकोनी आधारपट्टी) असली यंत्रं मी दुरुस्तीला आलेली पाहिली आहेत, सगळ्यांचं वेल्डिंग पुढच्या टोकाला, धारेखाली उचकटलेलं होतं.

धार दोन्ही बाजूंनी मिळून तीस अंशांची काढा. 20 च्या प्लेटला ती साधारण 37 मिलिमीटर लांब येते. कोयत्यासारखी धार लावायची गरज नाही, उलट तशी पातळ धार गाठीवर दुमडते. ग्राइंडरने काढलेली, बोट फिरवलं तर कापणार नाही अशी धार पुरते. लाकूड कापायचं नसून उलगडायचं आहे. ते काम धारेमागचे पंख करतात. धारेपासून सात-आठ सेंटिमीटर मागे दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या वेल्ड करा, म्हणजे पाचरीची जाडी मागे आठेक सेंटिमीटर होईल. पंख धारेच्या फार जवळ आणले तर सुरुवातीलाच जोर लागतो, फार मागे नेले तर चिवट लाकूड दुभंगत नाही, नुसतं चिरलं जातं आणि तसंच पाचरीला कवटाळून बसतं.

पाचर काटकोनात उभी करू नका. वरचं टोक सिलिंडरकडे तीन-चार अंश झुकलेलं ठेवा. धार जराशी खाली तोंड करून राहते आणि ओंडक्याला बीमवर दाबून धरते. उलट झुकली तर ओंडका वर उचलतो आणि उसळतो.

धारेला ट्रकच्या कमानीच्या पट्ट्याचं पोलाद जोडायचं असेल तर पट्टा आणि प्लेट दोन्ही गॅसने चांगले तापवून, सुकवलेल्या 7018 नंबरच्या वेल्डिंग रॉडने जोडा आणि वाळूत गाडून हळू निवू द्या. थंड लोखंडावर साध्या रॉडने ओढलेला टाका वरून सुंदर दिसतो आणि आत तडकलेला असतो. हे जमणार नसेल तर साध्या प्लेटचीच धार ठेवा, वर्षातून एकदा ग्राइंडर मारला की झालं. बुडाचं वेल्डिंग 12 मिलिमीटरचं, दोन-तीन थरांत, प्रत्येक थरानंतर खपली झाडून.

गेल्या मोसमात एक खानावळवाल्या काकू आल्या होत्या. त्यांचं म्हणणं, "एका दमात चार तुकडे पडायला हवेत बघ. दोनाचे चार करायला परत परत कोण वाकणार?"

मी म्हटलं, "काकू, लाकूड कुठलं जाळता तुम्ही?"

"आंबा. दुसरं काय मिळतंय?"

"मग नको. आंब्याला आडवी पाचर लावली की यंत्र तिथेच थबकेल. दोनच तुकडे करा, हवं तर टेबल मोठं करून देतो."

चौफाळी, म्हणजे उभ्या धारेला आडवी धार जोडलेली, पाचर हवीच असेल तर ती मूळ पाचरीवर वरून सरकवून बसणारी, काढता येणारी करा आणि वीस सेंटिमीटरच्या आतल्या सरळ आकेशियाला वापरा. काकूंना मी बीमच्या दोन्ही बाजूंना दोन फुटांची अँगलची खाट जोडून दिली. फुटलेला अर्धा तुकडा खाली पडत नाही, तिथेच राहतो आणि फिरवून परत पाचरीसमोर घेता येतो. वाकणं त्यानेच वाचतं.

ढकलपट्टी

दांड्याच्या टोकाला 20 मिलिमीटरची उभी प्लेट, दीडशे रुंद, दोनशे उंच. ती बीमच्या वरच्या फ्लँजवर सरकते आणि दोन्ही बाजूंनी खाली वळून फ्लँजला पकडते. पकडीत सगळीकडे मिलिमीटर-दीड मिलिमीटर सैलपणा ठेवा. घट्ट केली तर गंज आणि भुशाने जाम होते, फार सैल ठेवली तर वाकडा ओंडका तिला वर उचलतो आणि तो सगळा मुरडा दांड्यावर येतो. दांडा आणि पट्टी पिनेने जोडा, वेल्ड करू नका. पट्टीच्या तोंडावर वेल्डिंगचे चार-पाच उंचवटे ठेवले की ओंडका घसरत नाही.

दांडा पूर्ण बाहेर आला की ढकलपट्टी आणि पाचर यांत वीस मिलिमीटर जागा राहिलीच पाहिजे. पट्टी धारेवर आपटली तर यंत्र स्वतःलाच फोडतं. उरलेले धागे कोयत्याने तोडायचे.

यंत्राची उंची हा वादाचा विषय. कमरेएवढं उंच ठेवलं तर उभ्याने काम होतं, पण चाळीस सेंटिमीटर जाड आणि पंचेचाळीस लांब असा ओला ओंडका पन्नास-पंचावन्न किलोचा असतो. तो कमरेपर्यंत कोण उचलणार? मी बीमचा माथा साठ-पासष्ट सेंटिमीटरवर ठेवतो आणि एका बाजूला जमिनीपासून तिरकी फळी देतो, ओंडका लोळवत वर जातो.

पॉवर पॅक

टाकी चाळीस लिटरची, 3 मिलिमीटर पत्र्याची. पंपाच्या मिनिटाच्या प्रवाहाच्या साडेतीन पट असा अंदाज. त्याहून लहान टाकीत तेल तापतं. परतीचा पाइप आणि शोषणाचा पाइप यांच्या मधे एक आडवा पत्रा वेल्ड करा, म्हणजे गरम, फेसाळ तेल सरळ पंपात जात नाही. परतीचं टोक तेलाच्या पातळीखाली असू दे. शोषणाला एक इंची होज आणि जाळी, दाबाच्या बाजूला अर्धा इंची, दोन तारांच्या विणीची होज. तेल 68 ग्रेडचं हायड्रॉलिक, आमच्या उन्हाळ्याला ते बरं पडतं. इंजिन ऑइल ओतू नका.

परतीच्या फिल्टरचं माप घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा. दांडा आत येताना पिस्टनच्या मागच्या बाजूचं तेल पंपाच्या प्रवाहापेक्षा जास्त वेगाने बाहेर पडतं, कारण पुढच्या बाजूला दांड्याने जागा खाल्लेली असते. 50 मिलिमीटर दांडा असेल तर साडेअकराऐवजी मिनिटाला पंधरा लिटरच्या वर. फिल्टर पंचवीस-तीस लिटरचा घ्या.

मोटर आणि पंप यांच्यात रबरी स्पायडरचं कपलिंग, आणि दोन्ही शाफ्ट एका रेषेत. डिझेल इंजिनवरून पट्ट्याने पंप फिरवायचा असेल तर पट्ट्याचा ताण पंपाच्या शाफ्टवर देऊ नका, मधे वेगळा बेअरिंगवरचा शाफ्ट घ्या. गिअर पंपाला बाजूचा ओढा सोसत नाही. पॉवर टिलरवर चालवणारेही आहेत, नियम तोच.

तीन फेजवाल्यांनी हे नीट वाचा. गिअर पंप एकाच दिशेने फिरवायचा असतो, अंगावर बाण कोरलेला असतो. आमच्याकडे पहिल्या वादळी पावसात तारा तुटतात, परत जोडल्या जातात आणि कधीकधी फेजचा क्रम बदलतो. पाण्याचा पंप उलटा फिरला तर पाणी कमी येतं, एवढंच. हायड्रॉलिकचा पंप उलटा फिरला तर शाफ्टचं सील बाहेर फेकतो आणि कोरडा घासत राहतो. म्हणून स्टार्टरमध्ये फेजचा क्रम तपासणारा रिले टाका. यंत्राच्या एकूण खर्चात तो किरकोळ आहे. आणि शेतीपंपाच्या जोडणीवर हे यंत्र चालवू नका, ती जोडणी शेतीच्या कामांसाठी असते.

पहिल्यांदा चालू करताना

टाकी भरा, दांडा आत असू दे. रिलीफ पूर्ण सैल करा. मोटर एक झटका देऊन बंद करा आणि कपलिंग कुठे फिरतंय ते बघा. दिशा बरोबर असेल तर मिनिटभर नुसतं चालू द्या. मग दांडा रिकामा पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. सुरुवातीला तो धक्के देत चालतो, ती आतली हवा. धक्के थांबले की तेलाची पातळी बघा, दांडा आत असतानाच.

आता दांडा पूर्ण बाहेर नेऊन लिव्हर धरून ठेवा आणि गेजकडे बघत रिलीफचा स्क्रू हळूहळू आवळा. 50, 80, 120 आणि 150 ला थांबा. प्रत्येक टप्प्यावर मोटर बंद करून जोड तपासा. हाताने कधीही नाही. दीडशे बारच्या तेलाची सुईएवढी धार कातडीतून आत शिरते. वर लालसर ठिपका दिसतो आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर दुखत नसलं तरी थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावं लागतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

गेज लिव्हरच्या शेजारी, डोळ्यांसमोर बसवा. त्यावरून लाकूड कळतं. सरळ आकेशिया लावला की काटा चाळिशी-पन्नाशीला जातो, 'कट्' असा आवाज होतो आणि काटा खाली पडतो. आंब्याची गाठ आली की काटा चढतच राहतो, शंभर, सव्वाशे, मग रिलीफची शीळ वाजायला लागते. शीळ ऐकली की लिव्हर सोडायचा, ओंडका अर्धा फेरा फिरवायचा आणि गाठ टाळून दुसरीकडून लावायचा. शीळ वाजत असताना लिव्हर धरून ठेवण्यात मर्दुमकी नाही, नुसतं तेल तापतं.

लिव्हर ज्याच्या हातात, ओंडकाही त्यानेच ठेवायचा. एक जण ठेवणार आणि दुसरा लिव्हर मारणार, या जोडीत बोटं जातात. आजूबाजूला पोरं बसवू नका.

कुठलं लाकूड, कधी

लाकूड ओलं असताना फोडा. सुकलेला जांभूळ आणि आंबा दुप्पट छळतो. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं ते वेगळंच. आगोटीची बेगमी म्हणून मे महिन्यात फोडायला आणणारे असतात, त्यांना मी दिवाळीनंतरच या म्हणून सांगतो. चार-पाच महिने ऊन-वारा मिळाला की जून उजाडेपर्यंत चुलीत धूर होत नाही.

नारळाचं खोड आणू नका. त्यात वर्तुळं नसतात, नुसते धागे. पाचर आत जाते आणि तिथेच राहते. निसर्ग वादळानंतर, 2020 च्या जूनमध्ये, रायगड आणि उत्तर रत्नागिरीच्या किनाऱ्यावर नारळ-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि पुढच्या वर्षी तौक्तेनेही झोडपलं. तेव्हा लोकांकडे खोडांचे ढीग होते. आंबा, फणस फुटला. माड आरीने चिरावा लागतो.

उभं झाड तोडायच्या आधी वनखात्याच्या परिक्षेत्र कार्यालयात विचारा. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ, खैर सगळे आहेत, आपल्या जमिनीतले असले तरी. यंत्राला पुढे-मागे गोल आरा जोडायचा विचार असेल तर तेही तिथेच विचारा, कारण मग सॉ मिलच्या परवान्याचा प्रश्न येतो. मी आरा जोडत नाही, त्याचं हेही एक कारण. चेनसॉने कापताना ओंडका जमिनीवर ठेवू नका, अँगलचा क्रॉस पायांचा घोडा करा. साखळी मातीला लागली की धार गेलीच.

देखभाल

पहिल्या पन्नास तासांनी परतीचा फिल्टर बदला, नव्या टाकीतली वेल्डिंगची खपली त्यात सापडते. नंतर वर्षातून एकदा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, सगळं काढून टाका. ढकलपट्टीला रोज ग्रीस.

पावसाळ्यात यंत्र उभं राहणार असेल तर दांडा पूर्ण आत घेऊन ठेवा. बाहेर राहिलेल्या दांड्याला दमट हवेत गंजाचे ठिपके पडतात, किनाऱ्याजवळ तर एका पावसात. उरलेल्या टोकाला ग्रीस फासून फडकं गुंडाळा. टाकीच्या झाकणातल्या हवेच्या भोकाला फिल्टर असतो, त्यावर पत्र्याची टोपी करा, नाहीतर पागोळ्या तिथूनच आत जातात. मोटरच्या पंख्याच्या जाळीत गांधीलमाशी घर करते, चालू करण्याआधी बघून घ्या. आणि सिलिंडरचं बोअर, दांड्याचं माप, सील किटचा नंबर हे तिन्ही टाकीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा, म्हणजे सील गेलं की सिलिंडर खोलून माप घेत बसायला नको, फोनवर सांगितलं तरी एसटीने सामान येतं.